मुदत मागितली, माफी मिळाली

हे कीर्तन पुढे छापून जाईल आणि कोणी ते घरी बसून वाचेल. तुम्हीही इथेच सतरंजीवर मांडी घालून बसला आहात असे समजूनच मी बोलतो.

यात्रेला कोणी रिकाम्या मनाने येत नाही. कोणाची मुलगी लग्नाची आहे, कोणाच्या घरात आजारपण आहे, कोणाच्या सातबाऱ्यावर बोजा चढलेला आहे. मागणे घेऊनच आपण येतो. त्यात गैर काही नाही. लेकराने बापाकडे नाही मागायचे तर कोणाकडे मागायचे? पण आज मला तुम्हाला एवढेच विचारायचे आहे. देवाच्या दारात उभे राहून आपण नेमके काय मागतो? मुदत मागतो की माफी? हे दोन शब्द जवळजवळचे वाटतात, पण त्यांच्यात जमीन-अस्मानाचे अंतर आहे. ते अंतर ज्याला कळले नाही त्या माणसाची गोष्ट स्वतः प्रभूनेच सांगून ठेवली आहे.

कीर्तनाचे पद माझ्याच तोडक्यामोडक्या शब्दांतले आहे. टाळकऱ्यांनी गोड मानून घ्यावे.

मुदत मागाया । आलो तुझ्या दारी ।
कोरी केली सारी । वही माझी ॥
आता कोणाकडे । मागावे मी येणे ।
देवा, तुझे देणे । फिटेचिना ॥

पूर्वरंग

मत्तयाच्या शुभवर्तमानाचा १८ वा अध्याय. पेत्र प्रभूजवळ येतो आणि विचारतो, माझा भाऊ माझा अपराध करतच राहिला तर मी त्याला किती वेळा क्षमा करायची? आणि आकडा स्वतःच सुचवतो, सात. आता पेत्राला हसू नका बरं का! सात हा आकडा लहान नाही. तुम्ही-आम्ही दुसऱ्याच वेळेला दार लावून घेतो. तिसऱ्या वेळेला तर कुत्रं सोडतो. त्या मानाने पेत्राचे मन मोठेच म्हणायचे.

पण प्रभूने त्याला सत्तर गुणिले सात सांगितले. सत्तर साते किती? ४९०. मग काय, वही घालायची आणि खुणा करत बसायचे? जो ४९० पर्यंत मोजतो, तो क्षमा करत नाही हो, तो ४९१ व्या वेळेची वाट बघत बसलेला असतो. प्रभूला आकडा द्यायचा नव्हता, पेत्राच्या हातातली वही काढून घ्यायची होती.

काही भाषांतरांत या जागी सत्त्याहत्तर असेही येते. त्यातही एक गंमत आहे. उत्पत्तीच्या चौथ्या अध्यायात लामेख नावाचा एक माणूस आहे, काइनाच्या वंशातला. तो आपल्या बायकांपुढे बढाई मारतो की माझा सूड सत्त्याहत्तर पटीने घेतला जाईल. मनुष्यजातीचा सूडाचा हिशेब तिथे सुरू झाला. प्रभूने तोच आकडा उचलला आणि त्याच्यात क्षमा भरली. सूड जिथपर्यंत वाढला, तिथपर्यंत क्षमेने मागोमाग जायचे.

एवढे बोलून प्रभू थांबला नाही. त्याने दृष्टांत सांगितला. एक राजा होता. त्याने आपल्या चाकरांचा हिशेब घ्यायला सुरुवात केली. पहिल्याच फटक्याला एक चाकर पुढे आणला गेला. त्याच्याकडे किती येणे होते? दहा हजार तालांत.

तालांत म्हणजे काय, ते नीट समजून घ्या, नाहीतर दृष्टांताचा जीवच निघून जाईल. त्या काळी मजुराला एका दिवसाच्या कामाचा एक दीनार मिळे. द्राक्षमळ्याच्या दृष्टांतात, मत्तयाच्याच २० व्या अध्यायात, हाच रोज ठरलेला दिसतो. आणि एक तालांत म्हणजे सुमारे ६,००० दीनार. मग दहा हजार तालांत म्हणजे सहा कोटी दीनार, सहा कोटी दिवसांची मजुरी. वर्षातले ३०० दिवस कामाला गेले तरी हे कर्ज फेडायला दोन लाख वर्षे लागतील. तीही पोटाला एक घास न घालता!

आपल्या भाषेत बोलू. शेतात दिवसाला पाचशे रुपये मजुरी धरा. त्या हिशेबाने हे कर्ज होते तीन हजार कोटी रुपये. सोसायटीचे कर्ज नाही हे, मंडळी. योसेफस नावाचा त्या काळचा इतिहासकार लिहितो, की गालील आणि पेरिया या दोन प्रांतांतून हेरोद अंतिपाला वर्षाला दोनशे तालांत महसूल मिळे. म्हणजे प्रभू ज्या मुलखात हिंडला-फिरला, त्या मुलखाचा पन्नास वर्षांचा महसूल एका चाकराच्या डोक्यावर! ऐकणारे कोळी आणि शेतकरी हसलेच असतील. एवढे कर्ज कोणाला असते काय?

असते. आपल्याला आहे. श्वास कोणाचा? सकाळी डोळे उघडले, ते कोणी उघडले? आईच्या पोटात नऊ महिने वाढलो, त्याचे भाडे आपण कधी भरले? आणि हे सगळे फुकट घेऊन आपण त्याचे केले काय? जिभेने कोणाचे घर मोडले, हातांनी कोणाचा वाटा दाबला, आणि जे करायला हवे होते ते केलेच नाही. म्हणूनच प्रभूने शिकवलेल्या प्रार्थनेत मत्तय पापाला ऋण म्हणतो. प्रभू ज्या अरामी भाषेत बोलत असे, तिच्यात ऋण आणि पाप या दोन्हींसाठी एकच शब्द चालत असे. आपल्या मराठीतही पाहा, ऋणानुबंध म्हणताना आपण नात्यालाच ऋण म्हणतो.

आता राजाने हुकूम केला, याला विका, याच्या बायकोला विका, पोरांना विका, जे असेल ते विकून वसुली करा. चाकर पाया पडला. आणि इथे कान द्या. त्याने मागितले काय? त्याने माफी मागितली नाही! तो म्हणाला, जरा सबुरीने घ्या, मी सगळे फेडतो. मुदत मागितली त्याने. दोन लाख वर्षांचे कर्ज, आणि हा म्हणतो फेडतो. बँकेच्या साहेबापुढे आपण नाही का म्हणत, “साहेब, एवढी सुगी जाऊ द्या”? सुगी जाते, कर्ज तिथेच राहते.

राजाला त्याची दया आली. त्याने मुदत दिली नाही. सगळे कर्जच सोडून दिले. मागितले त्याच्यापेक्षा किती जास्त दिले, बघा. हा दोन वर्षे मागत होता, राजाने त्याला जन्माचे मोकळे केले.

आणि तो बाहेर पडला. नाचत बाहेर पडायला हवे होते. बायकोला मिठी मारायला हवी होती, की आपण विकले जात नाही गं आता. पण तो काय करतो? दारातच त्याला एक सोबतचा चाकर भेटतो. त्याच्याकडे शंभर दीनार येणे असते. हा त्याचा गळाच धरतो. टाक माझे पैसे! तो बिचारा पाया पडतो आणि अक्षरशः याचेच मघाचे शब्द बोलतो, जरा सबुरी धर, मी फेडतो. तेच शब्द! पण याला आपलाच आवाज ओळखू येत नाही. तो त्याला तुरुंगात टाकतो.

मी अनेक वर्षे हा दृष्टांत सांगत आलो. सांगताना म्हणायचो, बघा किती दुष्ट माणूस! पुढे माझ्या ध्यानात आले की तो नुसता दुष्ट नाही, तो अजून कर्जातच आहे. त्याच्या कानाला माफी ऐकू आली, मनाला नाही. त्याच्या डोक्यात अजून मुदतच चालू आहे. फेडायचे आहे, गोळा करायचे आहे, याच्याकडून शंभर, त्याच्याकडून दोनशे. ज्याला वाटते मी देवाचे देणे फेडू शकतो, तोच दुसऱ्याचा गळा धरतो. ज्याला कळले की आपली वही कोरी झाली, त्याचे हात आपोआप सुटतात.

म्हणून, मंडळी, क्षमा करायला आपल्याला जड का जाते? आपण वाईट आहोत म्हणून? असूही. पण त्याच्या आधी एक कारण आहे. आपल्याला झालेली क्षमा आपण घरी नेलेलीच नाही. पापनिवेदन करून, प्रार्थना म्हणून आपण बाहेर पडतो आणि मनात म्हणतो, आता पुढच्या वेळी भरपाई करू. ती मुदत झाली. क्रूसावर प्रभूने आपल्याला मुदत दिली नाही.

आता कोणी म्हणेल, महाराज, तुमचे ठीक आहे, पण आमच्यावर झालेला अन्याय काही लहान नव्हता. खरे आहे. प्रभूनेही तो लहान म्हटलेला नाही! शंभर दीनार म्हणजे शंभर दिवसांची मजुरी. आपल्या हिशेबाने पन्नास हजार रुपये. गरिबाच्या घरात पन्नास हजार म्हणजे पोरीचे शिक्षण असते, म्हातारीचे ऑपरेशन असते. काही झालेच नाही, विसरून जा, असे प्रभू म्हणत नाही. जे झाले ते झाले आहे, ते तुझे येणे आहे, हे तो मान्य करतो. तो एवढेच म्हणतो, की त्या शंभराला दहा हजार तालांतांशेजारी ठेवून बघ. सहा लाख पटींचा फरक आहे.

एकदा एका गावी कीर्तन झाल्यावर एक बाई मागे थांबली. हळूच म्हणाली, “दादा, नवरा रोज मारतो. मी सत्तर गुणिले सात मार खाऊ का?” बायांनो, ऐका, मी तिला जे सांगितले तेच तुम्हाला सांगतो. नाही! याच १८ व्या अध्यायात, या दृष्टांताच्या आधी, प्रभूने सांगितले आहे की भावाने अपराध केला तर जाऊन त्याला तोंडावर सांग. ऐकले नाही तर एक-दोघांना साक्षीला घे. तरी नाही ऐकले तर मंडळीला सांग. क्षमा म्हणजे तोंड दाबून मार खाणे नव्हे. मारणाऱ्याचा हात थांबवणे, कायद्याकडे जाणे, पोरांना घेऊन सुरक्षित जागी राहणे, यात क्षमेविरुद्ध काही नाही. क्षमा म्हणजे त्याचा गळा धरण्याचा माझा हक्क मी देवाच्या हवाली करते, एवढेच. आणि ज्याने लुबाडले आहे त्यानेही क्षमेचा आडोसा घेऊ नये. जक्कयाला प्रभू भेटला, तेव्हा ज्याला फसवले त्याला चौपट परत करायला तो उठून उभा राहिला.

दृष्टांताचा शेवट कडक आहे. राजाच्या कानावर गोष्ट गेली, त्याने त्या चाकराला बोलावले आणि सगळे देणे फिटेपर्यंत तुरुंगाधिकाऱ्यांच्या हाती दिले. लोक विचारतात, देव दिलेली माफी परत घेतो काय? मी शेतकऱ्याचा पोर, मला पाटाचे पाणी कळते. वरून पाणी सोडले, ते माझ्या वाफ्यात आले. फुकट आले, मी काही पाऊस पाडला नव्हता. माझा वाफा भरला की दारे मोडून ते पुढच्याच्या वाफ्यात जाऊ द्यायचे. पण मी अडून बसलो, खाली भावाचा वाफा आहे, त्याला थेंब जाऊ देणार नाही म्हणालो, तर काय होते? पाणी माझ्याच शेतात साचते. जमीन चिबड होते. माझेच पीक पिवळे पडते आणि मुळे कुजतात. पाणी तर वरून देवाने चांगलेच पाठवले होते. मी अडवले म्हणून ते मला बाधले.

आपल्या मातीला ही गोष्ट परकी नाही. देहूच्या तुकोबारायांच्या घरी सावकारी होती. परंपरा सांगते, की घरातल्या कर्जखतांचे त्यांनी दोन भाग केले, धाकट्या भावाचा त्याला दिला आणि आपल्या वाट्याची सगळी खते इंद्रायणीत बुडवून टाकली. ऋणको मोकळे झाले, आणि मला वाटते धनकोही मोकळा झाला. खते उराशी बाळगून भजन होत नाही, मंडळी.

मोशेच्या नियमशास्त्रात तर हा कायदाच होता. अनुवादाचा १५ वा अध्याय उघडा. दर सातव्या वर्षी इस्राएलाने आपल्या बांधवाचे कर्ज सोडून द्यावे. हा सातचा आकडा ध्यानात ठेवा. पुढच्या आख्यानात तो पुन्हा येणार आहे.

मुदत मागाया । आलो तुझ्या दारी ।
कोरी केली सारी । वही माझी ॥

उत्तररंग

आता आख्यान. हे कोणा प्राचीन संताचे नाही. तुमच्या-माझ्या हयातीतले आहे आणि आपल्या शेजारच्याच मुलखात घडलेले आहे.

केरळातल्या पुल्लुवळी गावात १९५४ साली एका शेतकरी ख्रिस्ती कुटुंबात एक मुलगी जन्मली. मोठी झाल्यावर तिने फ्रान्सिस्कन क्लॅरिस्ट या धर्मभगिनींच्या संघात प्रवेश केला. नाव झाले सिस्टर राणी मारिया. उत्तरेत बिजनोर, मग मध्य प्रदेशात सतना, आणि १९९२ साली त्या देवास जिल्ह्यातल्या उदयनगरला आल्या. इंदूरपासून फार लांब नाही.

तिथे त्यांनी पाहिले काय? आदिवासी आणि भूमिहीन माणसे सावकारांच्या वहीत पिढ्यान्‌पिढ्या अडकलेली. मुद्दल किती, व्याज किती, काही ठाऊक नाही. अंगठा उठवायचा आणि राबायचे. सिस्टरांनी त्यांना अक्षरे शिकवली, हिशेब शिकवला, बचतीची सवय लावली, सरकारी योजना आणि बँकेची वाट दाखवली. हळूहळू माणसे सावकाराच्या दारातून सुटू लागली. ज्यांचे पोट त्या वहीवर चालत होते त्यांना हे कसे सोसावे?

२५ फेब्रुवारी १९९५. सिस्टर सकाळच्या बसने इंदूरला निघाल्या. बसमध्ये समंदर सिंह नावाचा एक तरुण चढला होता. ज्यांचे हितसंबंध दुखावले होते त्यांनी त्याचे कान भरले होते. वाटेत त्याने सुरा काढला आणि सगळ्या प्रवाशांदेखत सिस्टरांवर वार केले. पन्नासहून अधिक जखमा. येशूचे नाव घेत त्या माउलीने रस्त्याच्या कडेला प्राण सोडला. वय अवघे ४१.

त्याला अटक झाली, खटला चालला, जन्मठेप झाली. कायद्याने आपले काम केले, आणि ते व्हायलाच हवे होते. मघाशी मी जे त्या बाईला म्हणालो ते आठवा.

आता तुरुंगातला तो तरुण बघा. ज्यांनी त्याला चिथावले, त्यांनी पाठ फिरवली. मग त्याच्याही मनात एक वही उघडली. बाहेर पडलो की ज्याने मला या कामाला लावले त्याला जिवंत सोडायचे नाही! म्हणजे एका खुनाने हिशेब संपला का? नाही, दुसऱ्याची नोंद झाली. लामेखाचा हिशेब असाच चालतो.

अशा वेळी स्वामी सदानंद या नावाने ओळखले जाणारे एक कॅथलिक धर्मगुरू त्याला तुरुंगात भेटू लागले. आणि २००२ सालच्या राखीपौर्णिमेच्या सुमाराला इंदूरच्या तुरुंगात त्याला भेटायला आणखी कोणी आले. कोण? सिस्टर सेल्मी पॉल. राणी मारियांची सख्खी धाकटी बहीण. त्याही धर्मभगिनीच. खुनाला किती वर्षे झाली होती? मोजा. सात वर्षे उलटून गेली होती.

त्या बहिणीने त्याच्या हाताला राखी बांधली.

मंडळी, तो हात डोळ्यांपुढे आणा. त्याच हातात सुरा होता. ज्या मनगटाला बेडी घालायची, त्याला त्या माउलीने धागा बांधला. पेत्राने काय विचारले होते? माझा भाऊ माझा अपराध करतो, तर किती वेळा क्षमा करू? पेत्राचा तो आधीपासून भाऊ होता. इथे भाऊ नव्हताच, मारेकरी होता. क्षमेने त्याला भाऊ करून घेतले. राखीचा अर्थ आपल्या बायांना सांगायला नको. राखी बांधली की येणे-देणे संपते आणि नाते सुरू होते.

त्या घराने एवढ्यावरच सोडले नाही. त्याची सुटका व्हावी म्हणून त्यांनी रदबदली केली आणि २००६ साली तो सुटला. पुढे तो केरळात त्यांच्या घरी गेला. म्हातारी आई होती. तिने त्याचे हात आपल्या हातांत घेतले आणि त्यांचे चुंबन घेतले. तिच्या लेकीचे रक्त ज्या हातांना लागले होते तेच हात! तिच्यापाशी किती येणे होते, सांगा बरे. शंभर दीनार? पोटच्या पोरीचा जीव! जगातली कुठली वसुली ते भरून देणार होती? तिने ते येणे सोडले, कारण ती दहा हजार तालांतांची माफी घरी घेऊन आलेली बाई होती.

समंदर सिंहाच्या मनातली वही तिथे मिटली. सूड राहिला नाही. एका क्षमेने पुढचा एक खून वाचला. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदूरमध्ये चर्चने सिस्टर राणी मारियांना धन्य म्हणून घोषित केले. संतपदाच्या अलीकडची ही पायरी. पण मला विचाराल, तर त्या सोहळ्याची खरी तयारी पंधरा वर्षे आधी तुरुंगात एका धाग्याने झाली होती.

समारोप

हे आख्यान मी प्रथम सांगू लागलो तेव्हा लोक रडायचे. मीही रडायचो. आणि घरी जाऊन माझ्या सख्ख्या भावाच्या दारावरून मान फिरवून पुढे जायचो. आज तुमच्यापुढे हे बोलायचेच ठरवून आलो आहे.

धाकट्या भावाने माझ्याकडून पाइपलाइनसाठी सत्तर हजार नेले होते. हातउसने. दोन वर्षांत देतो म्हणाला होता. दिले नाहीत. वर चारचौघांत म्हणाला, “दादाने कसले पैसे दिले? तो माझाच वाटा होता.” ते शब्द मला पैशांपेक्षा जास्त लागले. मी एका जुन्या वहीत तारीख घालून सगळे लिहून ठेवले. दरवर्षी त्यावर व्याज लावून बघायचो. नऊ वर्षे बोललो नाही. आई गेली तेव्हा शवपेटीला एका बाजूने माझा खांदा होता, दुसऱ्या बाजूने त्याचा. दफनभूमीपर्यंत एकमेकांकडे बघितले नाही. आई मध्ये होती, मंडळी.

पुढे एका रात्री मी कीर्तनाची तयारी करत बसलो होतो. हाच दृष्टांत. टिपण शोधताना घरच्यांच्या हाती ती वही लागली. पान उघडून ती माझ्याकडे बघत म्हणाली, “अहो, ही वही ठेवायची का चुलीत घालायची?” बस्स, एवढेच. दुसरे काही बोलली नाही. माझ्यापुढे मत्तयाचा १८ वा अध्याय उघडा होता. मला माझाच आवाज ऐकू आला, टाक माझे पैसे! आणि मग मला त्या चाकराचे तोंड दिसले. ते माझे होते.

दुसऱ्या दिवशी भावाच्या दारात गेलो. काय बोलावे सुचेना. म्हटलं, “ते पैशाचं राहू दे. मी वही जाळली.” तो बराच वेळ गप्प होता. मग आत बघून म्हणाला, “दादाला चहा टाका.” मला वाटले होते तो गळ्यात पडेल, चूक कबूल करेल. तसे काही झाले नाही. पैसे आजही आलेले नाहीत. तो वाटा माझाच होता असे तो आजही म्हणत असेल. पण त्या रात्री मी नऊ वर्षांनी प्रभूची प्रार्थना ऋणाच्या ओळीवर न अडखळता म्हटली. तोपर्यंत ती ओळ मी भराभर म्हणून टाकत असे.

तुम्हाला मी काय सांगू? एकदम मोठ्या क्षमेला हात घालू नका. ज्याचे नाव आत्ता, हे ऐकताना किंवा वाचताना, तुमच्या मनात आले, त्याच्यासाठी आज रात्री एक प्रार्थना म्हणा. त्याचे भले व्हावे असे म्हणवत नसेल, तर एवढे तरी म्हणा, देवा, मला तसे म्हणवत नाही. तेही खरे बोलणे आहे, आणि खरे बोलणाऱ्याला देव हात देतो. दुखणे उद्या पुन्हा वर येईल. मग उद्या पुन्हा सोडा. सत्तर गुणिले सात याचा मला कळलेला अर्थ हाच, की पुष्कळदा एकच अपराध चारशे नव्वद वेळा सोडावा लागतो.

यात्रेला आलात, नवस फेडाल, मेणबत्ती लावाल. जाताना एक करा. घरातली ती वही, कागदावरची असो की काळजातली, इथे देवाच्या पायाशी ठेवून जा. येताना ओझे होते तेवढेच घेऊन परत गेलात, तर यात्रा कसली?

चला, आता हात जोडा.

हे देवबापा, आम्ही तुझे ऋणी आहोत आणि फेडायला आमच्याजवळ काही नाही. मुदत मागायची आमची सवय मोड. तुझ्या पुत्राने क्रूसावर जे देणे चुकते केले ते आम्हाला खरे वाटू दे. ज्यांनी आमचे वाईट केले त्यांचे गळे आमच्या हातांतून सुटू देत. ज्यांचे आम्ही वाईट केले त्यांच्या दारात जायला आमच्या पायांत बळ दे. जे मार खात आहेत त्यांना आसरा दे, आणि आम्हाला त्यांचा आसरा कर. प्रभू येशू ख्रिस्ताच्या नावाने मागतो. आमेन.

आता कोणाकडे । मागावे मी येणे ।
देवा, तुझे देणे । फिटेचिना ॥

बोला, प्रभू येशू ख्रिस्ताचा जयजयकार असो!